ज्या प्रोटीनला बटणच नाही ते चालू कसं करतात

केमिकलच्या कॅटलॉगमध्ये कुठल्याही स्कॅफोल्ड प्रोटीनचं नाव शोधलं की बरेचदा खाली दहा-बारा कंपाउंडांची यादी येते, वर लिहिलेलं असतं 'अॅक्टिव्हेटर्स', आणि यादीत कोण तर फोर्स्कोलिन, पीएमए, आयोनोमायसिन, एखादा ग्रोथ फॅक्टर, म्हणजे तीच ती नेहमीची मंडळी. प्रोटीन बदललं तरी यादी जवळजवळ तीच. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, वा, हे फोर्स्कोलिन भलतंच कामाचं दिसतंय, सगळ्यांनाच जाऊन चिकटतं. नंतर एकेकाचं खोदून बघितलं तेव्हा कळलं की यादीतलं जवळपास कोणीच त्या प्रोटीनला हातसुद्धा लावत नाही.

मग अॅक्टिव्हेटर म्हणायचं कशाला? घोळ त्या शब्दातच आहे. आणि तो सोडवायचा तर आधी स्कॅफोल्ड प्रोटीन पेशीत बसून करतं काय ते बघायला लागतं.

एन्झाइम समजायला सोपं असतं. त्याला एक खाच असते, खाचेत कच्चा माल जातो, पक्का माल बाहेर येतो, खाचेत बोळा घातला की काम बंद. औषधं बनवणाऱ्यांचा अर्धाअधिक जन्म असे बोळे शोधण्यात जातो. स्कॅफोल्ड प्रोटीन मात्र स्वतः काहीच बनवत नाही. त्याचं काम इतकंच की सिग्नल पुढे नेणारी तीन-चार प्रोटीनं आपल्या अंगावर जवळजवळ बसवायची. स्कॅफोल्ड म्हणजे शब्दशः परांची, पण परांची इमारत झाली की उतरवतात, त्यामुळे मला ती उपमा काही पटत नाही, मी आपलं मनात टेबल धरतो. चार जणांनी एकमेकांकडे फाइल द्यायची आहे आणि चौघंही बिल्डिंगमध्ये कुठेतरी भटकतायत, तर फाइल पोचणार कधी? तेच चौघं एका टेबलाभोवती बसवले की हात लांब केला की काम झालं.

हे 'जवळ बसवणं' किती मोठं प्रकरण आहे त्याचा साधा हिशोब करता येतो. यीस्टची पेशी साधारण चार-पाच मायक्रोमीटरची. तिच्यात एक रेणू मोकळा सोडला तर तो त्या सगळ्या जागेत कुठेही असू शकतो. तोच रेणू टेबलाला बांधून ठेवला, म्हणजे शेजाऱ्यापासून फार तर दहा नॅनोमीटरवर, तर त्याला फिरायला उरलेली जागा पेशीच्या मानाने कोटीच्या घरात कमी होते. म्हणजे शेजाऱ्याच्या दृष्टीने त्याचं कॉन्सन्ट्रेशन एकदम कोटभर पटीने वाढलं, आणि ते एकही जादा रेणू न बनवता.

या विषयात सगळ्यात जास्त चघळलेलं उदाहरण म्हणजे यीस्टमधलं स्टे५. यीस्टमध्ये 'ए' आणि 'अल्फा' असे दोन प्रकार असतात, अल्फावाली पेशी १३ अमिनो अॅसिडचा एक छोटासा पेप्टाइड बाहेर सोडते, त्याला म्हणतात अल्फा फॅक्टर, आणि तो 'ए' पेशीला लागला की ती वाढ थांबवून जोडीदाराच्या दिशेला टोक काढायला लागते. हा निरोप आत पोचवणारी साखळी म्हणजे स्टे११ ने स्टे७ ला फॉस्फेट लावायचा (इथे फॉस्फेट लागला की प्रोटीन चालू होतं), स्टे७ ने फस३ ला लावायचा, मग फस३ पुढची कामं करणार. १९९४ मध्ये दाखवलं गेलं की ही तिन्ही किनेजं, म्हणजे फॉस्फेट लावणारी एन्झाइमं, स्टे५ च्या अंगावर वेगवेगळ्या जागी बसलेली असतात. स्टे५ काढून टाका, तिघंही पेशीत धडधाकट आहेत, पण निरोप काही जात नाही.

आता अल्फा फॅक्टर स्टे५ ला चिकटतो का, तर अजिबात नाही, तो बाहेरच राहतो, पेशीच्या कातडीवरच्या रिसेप्टरला चिकटतो. रिसेप्टर आपल्याला आतून जोडलेल्या जी-प्रोटीनचे तुकडे मोकळे करतो, ते तुकडे स्टे५ ला ओढून पडद्याजवळ आणतात, आणि तिथे आधीच एक चौथं किनेज वाट बघत असतं जे स्टे११ ला पहिला धक्का देतं. म्हणजे टेबल 'चालू' झालं म्हणजे काय झालं? ते सरकवून दारापाशी नेलं. बस.

बरं, हे नुसतं टेबलच आहे असंही नाही, इथे माझी उपमा थोडी लंगडी पडते. २००९ मध्ये असं दिसलं की फस३ एकटं असताना स्टे७ ला त्याला नीट फॉस्फेट लावताच येत नाही. स्टे५ चा एक भाग फस३ ला असा काही पकडतो की त्याचं कुलूप उघडतं आणि मग स्टे७ चं काम होतं. टेबल असं की जे फस३ नावाच्या माणसाला पेन उघडूनही देतं.

आणखी एक गंमत म्हणजे तेच स्टे११ दुसऱ्याही टेबलावर बसतं. बाहेर मीठ फार झालं की यीस्टला जीव वाचवण्यासाठी वेगळी साखळी लागते, तिथलं टेबल पीबीएस२ नावाचं, आणि ते स्वतः किनेजही आहे. एकच माणूस दोन खात्यांत कामाला, पण फाइल चुकून दुसऱ्या खात्यात जात नाही कारण तो बसलाय कुठल्या टेबलावर यावर सगळं ठरतं. २००३ मध्ये काही जणांनी मुद्दाम स्टे५ चे आणि पीबीएस२ चे भाग जोडून एक खिचडी टेबल बनवलं. मग त्या यीस्टला अल्फा फॅक्टर दिला, आणि ते जोडीदार शोधायच्या ऐवजी खारट पाण्यात तग धरायला लागलं! बाहेरचं केमिकल तेच, आतली किनेजं नेहमीचीच, टेबल बदललं आणि अर्थ बदलला. मला तरी हा आख्ख्या विषयातला सगळ्यात भारी प्रयोग वाटतो.

आता परत त्या यादीकडे येऊ. फोर्स्कोलिन हे कोलियस जातीच्या एका झाडाच्या मुळातून मिळतं. ते अॅडेनिलिल सायक्लेज नावाच्या एन्झाइमच्या बहुतेक प्रकारांना थेट चालू करतं, मग पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढतो, तो प्रोटीन किनेज ए ला मोकळं करतो. हे किनेज पेशीत इकडेतिकडे उंडारत नसतं, त्यातलं बरंचसं एकेएपी नावाच्या स्कॅफोल्ड घराण्यातल्या कोणाच्या ना कोणाच्या खुंटीला बांधलेलं असतं. त्यातलं एकेएपी७९ तर असं की त्याच्या अंगावर फॉस्फेट लावणारं किनेजही बसतं आणि फॉस्फेट काढणारं कॅल्सीन्युरिनही, म्हणजे लावणारा आणि पुसणारा शेजारी शेजारी. तर फोर्स्कोलिन दिल्यावर एकेएपीवर बसलेलं किनेज जागं होतं हे खरं. पण यात एकेएपीला काय झालं? काहीच नाही. टेबल होतं तसंच आहे, त्यावर बसलेल्या माणसाला कोणीतरी फोन केला.

पीएमएचं तेच. हे जमालगोट्याच्या तेलातून मिळणारं कंपाउंड, पेशीतल्या डायअसिलग्लिसरॉल नावाच्या रेणूची नक्कल करतं आणि प्रोटीन किनेज सी ला फसवून चालू करतं. चालू झालेलं किनेज सी ज्या स्कॅफोल्डवर जाऊन बसतं त्यातलं एक म्हणजे रॅक१, सात पात्यांच्या पंख्यासारखं दिसणारं प्रोटीन. हे रॅक१ रायबोसोमवरही बसलेलं असतं आणि तिथे त्याला वेगळीच कामं असतात, त्यामुळे 'पीएमए रॅक१ ला अॅक्टिव्हेट करतं' म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, अहो कुठल्या रॅक१ ला? रायबोसोमवरच्याला तर या फोनची खबरही नसेल. आयोनोमायसिन कॅल्शियम आत सोडतं, पुढे कॅल्शियम पकडणारं कॅल्मोड्युलिन वगैरे, तीच कथा.

म्हणजे हे सगळे दूरचे अॅक्टिव्हेटर. ते खोटे नाहीत, लॅबमध्ये रोज वापरतात आणि सिग्नल खरोखर वाढतो. फक्त त्यांनी एकाच वेळी पेशीत पन्नास गोष्टी हलवलेल्या असतात आणि आपण त्यातल्या एकीचं नाव लेबलवर लिहून मोकळे होतो.

स्कॅफोल्डचं काम खरोखर वाढवायचं असेल तर एक फार सरळ रस्ता आहे, तो म्हणजे टेबल मोडू द्यायचं नाही. याचं मस्त उदाहरण म्हणजे अॅक्सिन. डब्ल्यूएनटी नावाच्या सिग्नलमध्ये बीटा-कॅटेनिन हा पुढारी असतो, तो साठला की पेशीला वाढायचे हुकूम सुटतात. तो साठू नये म्हणून अॅक्सिन काही जणांना एकत्र बसवतं, ते बीटा-कॅटेनिनला फॉस्फेट लावतात, आणि फॉस्फेट लागलेला बीटा-कॅटेनिन पेशीच्या कचराकुंडीत, म्हणजे प्रोटिअसोममध्ये, जातो. इथे टेबल निरोप पुढे पाठवायला नाहीये, दाबायला आहे. आणि या टोळीत अॅक्सिनच सगळ्यात कमी प्रमाणात असतं असं बऱ्याच ठिकाणी धरलं जातं, म्हणजे त्याच्यात जरा कमीजास्त झालं की सगळ्यावर परिणाम.

अॅक्सिनला मारणारा वेगळाच आहे, टँकिरेज नावाचं एन्झाइम. ते अॅक्सिनवर एक लांबलचक शेपूट चिकटवतं, ती शेपूट बघून दुसरं प्रोटीन येऊन त्यावर 'फेकून द्या' असा शिक्का मारतं, आणि अॅक्सिन कचऱ्यात. २००९ मध्ये एक्सएव्ही९३९ नावाचं कंपाउंड सापडलं, ते टँकिरेजच्या खाचेत बोळा घालतं. शेपूट नाही, शिक्का नाही, अॅक्सिन साठत जातं आणि बीटा-कॅटेनिनचा फडशा पडतो. आता बघा, कागदावर हे कंपाउंड 'इनहिबिटर' आहे, टँकिरेजचं. पण अॅक्सिनच्या बाजूने उभं राहून बघितलं तर याच्याइतका चांगला अॅक्टिव्हेटर शोधून सापडायचा नाही. आतड्याच्या कॅन्सरच्या बऱ्याच गाठींमध्ये हीच टोळी मोडलेली असते म्हणून लोकांना यात फार आशा वाटली. पण निरोगी आतड्याचं अस्तरही नवं राहायला डब्ल्यूएनटीवरच अवलंबून असतं, आणि उंदरांना अशा जातीचं औषध देऊन बघितलं तर आतड्यालाच त्रास झाला. टेबल चांगल्या पेशीतही तेच असतं ना.

मग दुसरा रस्ता म्हणजे डिंक, म्हणजे दोन प्रोटीनांना एकमेकांना चिकटवून ठेवणारं कंपाउंड. हा प्रकार निसर्गाने आपल्या आधी शोधला. बदाम आणि पीचच्या झाडांवर एक बुरशी पडते, ती फ्युसिकॉक्सिन नावाचं विष सोडते, १९६४ मध्ये ते वेगळं काढलं गेलं. झाडाच्या पेशीत प्रोटॉन बाहेर फेकणारा एक पंप असतो आणि त्याच्या शेपटीला १४-३-३ नावाचं प्रोटीन पकडतं. (नाव फोन नंबरसारखं वाटतं, पण ते १९६७ मध्ये कॉलमच्या कितव्या फ्रॅक्शनमध्ये आणि जेलमध्ये कुठे सापडलं त्यावरून पडलेलं आहे, बारसं करायला कोणाला वेळ नव्हता बहुतेक.) हे १४-३-३ जोडीने फिरतं, दोन्ही हातांत एकेक फॉस्फेटवालं प्रोटीन धरू शकतं, म्हणून त्याला कोणी स्कॅफोल्ड म्हणतं कोणी अडॅप्टर. शेपूट आणि १४-३-३ यांची पकड नेहमी सैल असते, धरलं सोडलं धरलं सोडलं, त्यातच पंपाचं नियंत्रण आहे. फ्युसिकॉक्सिन त्या दोघांच्या मधल्या फटीत पाचरीसारखं जाऊन बसतं आणि पकड घट्ट होऊन जाते. पंप सतत चालू, पानांवरची छिद्रं सताड उघडी, पाणी उडून जातं आणि झाड कोमेजतं. हे कंपाउंड मात्र जाऊन बसतं ते अगदी त्या जागेवर, फोन करत बसत नाही. स्कॅफोल्डला थेट चालू करणारं म्हणून मी कोणाचं नाव घेईन तर याचं, आणि त्यातही ते एकट्या १४-३-३ ला नाही तर दोघांच्या जोडीला धरतं हे विसरायचं नाही.

रापामायसिनही असाच डिंक, ईस्टर आयलंडच्या मातीतल्या जिवाणूतून आलेला, तो एफकेबीपी१२ आणि एमटीओआर या एरवी ओळख नसलेल्या दोन प्रोटीनांना एकमेकांच्या गळ्यात बांधतो. त्यावरून पुढची उडी अशी की मग कंपाउंडलाच टेबल का करू नये? १९९३ मध्ये एफके५०६ या एफकेबीपीलाच चिकटणाऱ्या औषधाचे दोन रेणू पाठीला पाठ लावून जोडले आणि एफके१०१२ बनवलं. त्याला दोन्हीकडे हात, दोन्ही हातांत एकेक एफकेबीपी. त्या एफकेबीपीला ज्या सिग्नलचं टोक शिवून ठेवाल ती दोन टोकं औषध टाकलं की जवळ येणार आणि सिग्नल सुरू.

हे पुढे खऱ्या पेशंटपर्यंत गेलं. पेशी आत्महत्या करते तेव्हा नेहमी काय होतं तर मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी बाहेर पडतं, ते एपीएएफ१ नावाच्या स्कॅफोल्डला लागतं, तशी सात एपीएएफ१ मिळून एक चक्र बनवतात आणि त्या चक्रावर कॅस्पेज ९ नावाचं, पेशीचा शेवट सुरू करणारं एन्झाइम गोळा होऊन जागं होतं. इथे सायटोक्रोम सी हा स्कॅफोल्डचा अगदी अस्सल अॅक्टिव्हेटर झाला, आतलाच माणूस. तर पेशंटना द्यायच्या काही टी पेशींमध्ये (रोगाशी लढणाऱ्या पेशी) कॅस्पेज ९ ला असा भाग शिवला की एपी१९०३ नावाचं दोन हातांचं औषध दिलं की दोन कॅस्पेज ९ एकत्र येतील, चक्राची गरजच नाही. २०११ मध्ये छापून आलं की या पेशी ज्या ४ पेशंटमध्ये त्यांच्याच शरीरावर उलटल्या होत्या त्यांना एकच डोस दिला आणि ३० मिनिटांत त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त पेशी संपल्या. अर्ध्या तासात! एका छोट्या रेणूने आख्ख्या स्कॅफोल्डची जागा घेतली.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की मग काय, टेबल वाढवा की सिग्नल वाढला. तिथेच फसायला होतं. समजा १०० माणसं 'क' गटाची, १०० 'ख' गटाची, आणि काम व्हायला एका टेबलावर एक क आणि एक ख पाहिजे. टेबलं १० असतील तर १० जोड्या. १०० असतील तर १०० जोड्या, एकदम बेस्ट. आता १००० टेबलं ठेवा. प्रत्येक क आपापल्या टेबलावर जाऊन बसला, प्रत्येक ख सुद्धा, कोणाला कोणाकडे जायची गरजच नाही. एखाद्या टेबलावर क असायची शक्यता दहात एक, ख असायची पण दहात एक, म्हणजे दोघं एकत्र शंभरात एका टेबलावर, हजारात फक्त १० जोड्या. टेबलं १० असताना होत्या तेवढ्याच! फरक इतकाच की आता सगळे बसलेले आहेत आणि तरी काम बहुतेकांचं होत नाही. २००० साली हे गणित करून दाखवलं गेलं, आणि दोन हातांची औषधं वापरणाऱ्यांना हाच अनुभव येतो, डोस वाढवत नेला की एका जागेनंतर परिणाम उलटा कमी व्हायला लागतो कारण प्रत्येक प्रोटीनला स्वतःचा वेगळा रेणू मिळतो. ग्राफ वर जाऊन खाली येतो आणि नवीन माणूस म्हणतो माझा प्रयोग बिघडला.

केएसआरची गोष्ट अजून तिरकी. हे आरएएफ, एमईके, ईआरके या किनेजांच्या साखळीचं टेबल, दिसायला किनेजसारखं पण त्याची किनेज म्हणून महत्त्वाची एक जागा बदललेली, त्यामुळे ते स्वतः काही करतं की नाही यावर वर्षानुवर्षं वाद चालले. ग्रोथ फॅक्टर आला की त्याच्यावरचा एक फॉस्फेट निघतो, १४-३-३ ची पकड सुटते आणि ते एमईकेला घेऊन पडद्याकडे जातं. परत तेच, टेबल दारापाशी. याच्यावर थेट बसणारं कंपाउंड २०१६ मध्ये आलं, एपीएस-२-७९, आणि ते केएसआरला झोपलेल्या आकारातच धरून ठेवतं, म्हणजे अॅक्टिव्हेटरच्या बरोबर उलट. आणि जी औषधं बंद करायला बनवली तीच चालू करून बसतात हेही याच घरातलं, वेमुराफेनिबसारखी आरएएफची औषधं जिथे बीआरएएफ (आरएएफचाच एक प्रकार) बिघडलेला नाही पण आरएएस (आरएएफला वरून चालू करणारं प्रोटीन) जागा आहे अशा पेशीत दोन आरएएफना एकत्र आणतात, एकात औषध अडकतं आणि दुसरा पेटतो. ही २०१० मधली गोष्ट, आणि हे औषध घेणाऱ्या काही पेशंटना त्वचेवर वेगळ्याच गाठी यायच्या त्याचं कारण बऱ्याच अंशी हेच निघालं.

आता माझी फजिती सांगतो. मीही एकदा एका रिपोर्टमध्ये 'फोर्स्कोलिनने एकेएपी अॅक्टिव्हेट झालं' असं ठोकून दिलं होतं. पेशींवर १० मायक्रोमोलर फोर्स्कोलिन टाकलं, थोडा वेळ थांबून पेशी फोडल्या, ब्लॉटवर (प्रोटीन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) फॉस्फेटवाली पट्टी छान काळी आली, मी खूश. आमच्या सीनियर बाईंनी बघितलं आणि एवढंच विचारलं, "एचटी३१ टाकून बघितलंस का?" एचटी३१ हा एक पेप्टाइड आहे, तो प्रोटीन किनेज ए ला एकेएपीच्या खुंटीवरून सोडवतो. म्हणजे किनेज जिवंत, सायक्लिक एएमपी तेवढाच, फक्त बांधलेलं होतं ते सुटलं. परिणाम जर खरंच एकेएपीमुळे असेल तर एचटी३१ टाकल्यावर तो जायला हवा.

आठवड्याने तो ब्लॉट केला. नुसतं फोर्स्कोलिन, फोर्स्कोलिन आणि एचटी३१, आणि शेजारी एक बदललेला पेप्टाइड जो खुंटीला हात लावू शकत नाही. पट्टी तिन्हीकडे सारखीच काळी.